हिरवं अस्तर

१९ ऑक्टोबर

युरिदिया गेली.

सकाळी तिच्या पार्लरमधल्या इसेलचा फोन आला तेव्हा शेजारची क्लेओतिल्दे माझ्या दुकानात बसली होती, नातीच्या झग्याचा घेर बघत. फोनवर ते पोर नुसतं हुंदके देत होतं — "हाक मारली, उठलीच नाही... कॉफी ठेवली उशाशी, तरी उठलीच नाही..."

आणि मी काय म्हणाले? "बरं बरं, कळलं. ठेवते हं." जसं काही कुणी पँटची चेन बदलून मागत होतं!

क्लेओतिल्देनं विचारलं, "काय गं, कुणाचा फोन?"

"एक गिऱ्हाईक वारलं."

"कुठलं? ती उंच बाई? मोठ्यानं हसणारी?"

"छे गं. दुसरंच कुणीतरी."

तीस वर्षांची मैत्रीण माझी — आणि दुसरंच कुणीतरी!

क्लेओतिल्देची बेकरी आहे माझ्या दुकानाला लागून. मेलेल्यांचे दिवस जवळ आले, घरोघरी वेदीवर ठेवायला पाव लागतो, या वेळी तिला भट्टीपुढून हलायला सवड नसते. पण आज दुपारपर्यंत बूड हलवलं नाही बाईनं. दालचिनी घालून कॉफी करून आणली, मला बळंच पाजली, आणि अख्ख्या सव्वीस नंबरच्या रस्त्याच्या चुगल्या सांगत बसली. कधी एकदा जाते असं झालं होतं मला. ती गेली की रडीन म्हटलं.

गेली. तर रडूच येईना.

२० ऑक्टोबर

आज दुकानात एक बाई आली. पन्नाशीची, काळा कोट, हातावर पुरुषाचा सूट. मान वर केली — युरिदियाचेच डोळे! हर्मिनिया, धाकटी बहीण. नाव ऐकून होते, पाहिली कधी नव्हती. टेक्सासहून म्हाताऱ्या आईला घेऊन आलीय.

"भाऊ गेला माझा," म्हणाली. नाव सांगितलं. ते नाव मी इथे लिहिणार नाही.

सूट नवाकोरा, राखाडी, दोन माणसं मावतील एवढा. अंत्यविधीवाले म्हणाले म्हणे, काही काळजी करू नका, मागून चिरतो आणि टाचण्या लावतो, पुढून कुणाला कळत नाही. त्यावर आईनं आकांत मांडला. "आई म्हणते, फाटक्या पाठीनं माझं लेकरू देवापुढं उभं राहायचं नाही. शेजारच्या बेकरीत विचारलं, तर त्या बाईंनी तुमचं दुकान दाखवलं. उद्यापर्यंत होईल का हो?"

ती उभी होती तिथून चार हातांवर पडद्यामागे हिरवा झगा टांगलेला. मीच शिवलेला. कशासाठी शिवलेला ते फक्त मला ठाऊक.

पडदा सारायचा होता. एवढंच करायचं होतं.

"होईल," म्हणाले. "उद्या दुपारी या."

इथे तरी खरं लिहिते. मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या, शेजारशेजारच्या गावांतल्या आम्ही दोघी, दोघीही मुलगे म्हणून जन्मलो, आणि दोघीही ते ओझं पाठीवर घेऊन इथवर आलो. शिकागोत पोचल्यावर युरिदियानं ते भर रस्त्यात फेकून दिलं. पार्लर काढलं, दारावर स्वतःचा भलामोठा फोटो लावला, शनिवारी बारमध्ये गाणी म्हटली. दोनदा मार खाल्ला, एकदा दात गेला, सोन्याचा बसवून घेतला आणि तो दिसावा म्हणून आणखी मोठ्यानं हसायला लागली. मी उलट केलं. नवी गल्ली, नवी माणसं, मी दोन्या ब्रिहिदा, म्हणजे ब्रिहिदाबाई — विधवा, शिंपीण, चर्चमधल्या जपमाळेच्या बायकांतली एक. कुणाला कधी शंकासुद्धा आली नाही.

युरिदिया दुकानात यायची ती गिऱ्हाईक म्हणून. "सेन्योरा, जरा कंबर सैल करून द्या हं," असं म्हणायची आणि क्लेओतिल्देची पाठ वळली की डोळा मारायची. रविवारी मात्र मी तिच्या घरी. तिथे मला हाक मारायची, "काय विधवाबाई!" गल्लीत कधी ओळख दाखवली नाही तिनं. मी सांगितलं नव्हतं तसं — मी सांगायच्या आधीच तिला कळलं होतं.

२१ ऑक्टोबर

झाला सूट.

खांदे आत घेतले. कंबर घेतली. बाह्या बोटभर सोडल्या, तिचे हात लांब. पाठीला मधे बाक नको, ती ताठ चालायची. छातीशी कापड सोडलं आणि आतून दोन टक्स घातले, नाहीतर बटणं ताणली असती. हात आपोआप चालत होते. तिच्यासाठी मी एवढे कपडे शिवलेत की डोळे मिटूनही बसवीन.

मधेच थांबले. हे काय करतेय मी?

गेल्या ईस्टरची गोष्ट. तिच्या स्वयंपाकघरात तमाले बांधत होतो. मक्याची पानं भिजलेली, आमचे हात पिठानं भरलेले. ती म्हणाली, "मला हिरव्यात पुर हं. आईच्या गावच्या डाळिंबाच्या झाडासारखा हिरवा. तुला सांगून ठेवते. बाकीचे ऐन वेळी घाबरतील." मी म्हटलं, "काहीतरीच काय बोलतेस!" तर म्हणाली, "वचन दे." पिठाच्या हातानंच दिलं. मग हसत म्हणाली, "आणि तू नाही ना घाबरणार, विधवाबाई?"

झगा शिवून उरलेलं सॅटिन होतं फडताळात. ते काढलं. कोटाचं काळं अस्तर उसवलं आणि पाठीपासून छातीच्या कडेपर्यंत, आतून, हिरवं अस्तर लावलं. टाके इतके बारीक घातले की उलटून पाहिल्याशिवाय कळणार नाही. लावताना वाटलं — बघ, मी शब्द पाळला. अर्धा तरी.

अर्धं वचन म्हणजे काय असतं कुणास ठाऊक.

हर्मिनिया घेऊन गेली. कोट छातीशी धरून म्हणाली, "देव तुमचं भलं करो." तिला तोंड कसं दाखवलं माझं मलाच ठाऊक!

२२ ऑक्टोबर

मशीनवरचं कापड काढलंच नाही. दारावर पाटी 'चालू' आणि मी आत नुसती बसून.

२३ ऑक्टोबर

गेले. अंत्यविधीला जाऊ नये असं ठरवलं होतं, तरी गेले. काळी ओढणी, काळे मोजे. मागच्या बाकावर बसून निघून येईन म्हटलं.

दारातच गलका. पार्लरच्या सगळ्या जणी आल्या होत्या, इसेल पुढे. युरिदियाचे काका हात आडवे लावून उभे. "घरचीच माणसं फक्त. तमाशा नकोय आम्हाला."

इसेल ओरडलं, "घरचीच माणसं आहोत आम्ही! वीस वर्षांत एकदा तरी आलात का तुम्ही तिच्या घरी? तिचं नाव युरिदिया आहे. युरिदिया!"

मी पायरीवर थबकले. तेवढ्यात हर्मिनियानं आतून पाहिलं. "अहो, तुम्ही? शिंपीणबाई ना? या या, आत या. काका, यांना येऊ द्या."

काकांनी हात काढला. आणि मी आत गेले! पार्लरच्या पोरींना ओलांडून, ज्यांनी तिला आजारपणात भरवलं, धुतलं, त्यांना वाऱ्यात उभं ठेवून मी आत गेले. कारण काय, तर मी सूट शिवला होता.

पेटी उघडी होती.

केस कापले होते. कमरेपर्यंतचे केस! भांग एका बाजूला पाडलेला, शाळेतल्या मुलासारखा. चेहरा धुऊन काढलेला. करंगळीच्या नखाच्या कडेला मात्र लाल रंगाचा कण राहिला होता. पुसणाऱ्याला दिसला नाही. मला दिसला. मी त्याच्याकडेच बघत राहिले, बाकी कुठं बघवेना.

शेजारी कुणीतरी पुटपुटलं, "पण सूट काय बसलाय हो! अंगावरच शिवल्यासारखा."

आई पुढे बसली होती, एवढीशी, खुर्चीत हरवलेली. उठवून तिला पेटीपाशी नेली. तिनं कोटाची कड सारखी केली, हात आत घातला, तसाच ठेवला थोडा वेळ. मग परत जाऊन बसली. रडली नाही.

काचेच्या दारातून इसेल बघत होतं. पेटीकडे नाही. माझ्याकडे.

२५ ऑक्टोबर

यायचंच होतं ते पोर. आलं.

इसेल म्हणजे युरिदियाचा उजवा हात. निळे केस, ओठावर मिशीची रेघ, कानात लोंबते डूल. "मला बाप्या म्हणू नका, बाईही म्हणू नका," असं पहिल्याच भेटीत बजावलं होतं मला. मी 'पोर' म्हणते, ते चालतं त्याला. युरिदिया म्हणायची, आपल्या वेळी एक दार बंद झालं तर आपण दुसरं ठोठावलं. ही पोरं भिंतीलाच भोक पाडतात. कौतुकानं म्हणायची.

आज ते ओरडलं नाही. ओरडलं असतं तर बरं झालं असतं.

"तू आत होतीस," म्हणालं.

"हो."

"सूट तू बसवलास. हर्मिनिया सगळ्यांना सांगत होती."

"हो. पण ऐक तरी — मी अस्तर हिरवं लावलंय. आतून. तिच्याच झग्याचं कापड."

मला वाटलं, हे ऐकून जरा निवेल. ते म्हणालं, "अस्तर? तिथंही लपवलंस तिला?"

मी टेप गुंडाळायला घेतला.

मग म्हणालं, दोन तारखेला, मेलेल्यांच्या दिवशी, पार्लरच्या दारात, भर रस्त्यावर तिच्यासाठी वेदी मांडणार आहोत. झेंडू, मेणबत्त्या, तिचा तो भलामोठा फोटो, तिचं नाव. "तो हिरवा झगा तुझ्याकडेच आहे ना? तो टांगायचाय मधोमध. आणि तो तू आणायचास. कुणाच्या हाती धाडायचा नाही. सगळ्यांसमोर तू टांगायचास."

मी तोंड उघडते न उघडते तोच दार वाजलं. क्लेओतिल्दे! हातात ताट, वर फडकं.

आणि मी मोठ्यानं म्हणाले, "तुमची पँट गुरुवारी मिळेल हं."

इसेलनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. निघून गेलं. दार आपटलंसुद्धा नाही.

क्लेओतिल्दे म्हणाली, "किती हडकलंय ते लेकरू! कुणी जेवायला घालत नाही का त्याला? तुझ्या ओळखीचं का गं?"

"नाही बाई," मी म्हणाले. आणि एवढ्यावर थांबायचं की नाही? पण नाही, मला पुरती खात्री करून घ्यायची होती! "असली माणसं दुकानात आली की नकोसंच होतं. ना धड हे, ना धड ते." आणि हसले. वर हसले मी!

क्लेओतिल्दे हसली नाही. ताट खाली ठेवलं, फडक्याची घडी घातली, पुन्हा उलगडली. मग म्हणाली, "खाऊन घे. गरम आहे तोवर."

२६ ऑक्टोबर

माझ्या तोंडून कसं निघालं ते! शाळेच्या आवारात माझ्यावर दगड मारणारी पोरं हेच शब्द बोलायची.

२८ ऑक्टोबर

घरातली वेदी मांडली. मांडावीच लागते. जपमाळेच्या बायका दरवर्षी दोन तारखेला माझ्याकडे येतात, माझ्या नवऱ्यासाठी प्रार्थना करायला.

माझा नवरा! फिदेन्सिओ. काळी पांढरी तसबीर, रविवारचा शर्ट, तेल लावून चापून बसवलेले केस, विशीतला पोरगा. या गल्लीत आले तेव्हा बायकांनी विचारलं, नवऱ्याचा फोटो नाही का गं एकही? वेदीवर ठेवायला? माझ्याजवळ एकच जुना फोटो होता. माझा. गाव सोडायच्या आधी काढलेला. ठेवला तोच.

युरिदियाला सांगितलं तेव्हा ती हसून हसून जमिनीवर बसली. "म्हणजे तू स्वतःच्या फोटोपुढं मेणबत्ती लावतेस आणि अख्खी गल्ली तुझं सांत्वन करते?" मी म्हटलं, "खोटं कुठं आहे? फिदेन्सिओ मेलाच की." त्यावर तिनं डोळे पुसले. मग म्हणाली, "पण हनुवटीवरच्या व्रणाचं काय करशील? खेचरानं दोघांनाही एकाच जागी लाथ मारली का?" मी म्हटलं, मी पावडर लावते. आणि कोण मेलं एवढं निरखून बघतंय!

क्लेओतिल्दे दरवर्षी फिदेन्सिओसाठी खास पाव करते. वर साखरेनं त्याचं नाव काढते. एक वर्षही चुकली नाही.

आज युरिदियाचा फोटो काढला. आम्ही दोघी तळ्याकाठी, तिच्या तोंडात कणीस, सोन्याचा दात चमकतोय. वेदीवर ठेवला. लांबून पाहिला. दारावरून कुणी जात होतं — पटकन उचलला.

शेवटी फिदेन्सिओच्या चौकटीत ठेवला. त्याच्या फोटोच्या मागे. काच एकच.

इसेल बरोबर बोललं.

३० ऑक्टोबर

हर्मिनिया परत आली. हातात काही नाही, बदलायला कपडा नाही. बसते म्हणाली. बसली.

"मापं मी दिली नव्हती," म्हणाली.

मला आधी कळलंच नाही.

"सूटची. मी नुसता सूट ठेवून गेले. घरी पोचल्यावर आठवलं, अरे, मापं सांगायची राहिली! धावत यायला निघाले होते, पण म्हटलं, उद्या त्याच विचारतील. तुम्ही विचारलंच नाही. आणि बसला तो असा."

तीस वर्षं शिवणकाम करते मी. दारात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला आधी टेप लावते. सगळ्यांत पहिला प्रश्न माझा तो. आणि तोच विसरले! तिचं अंग माझ्या हातांना पाठ होतं म्हणून विसरले.

"अंदाजानं," म्हणाले. "इतक्या वर्षांची सवय."

"अंदाजानं बाह्या येतील. छाती येईल का?" हळूच विचारलं तिनं. "मीच हादरले होते त्याला... तिला... बघून. मला ठाऊक नव्हतं. तुम्हाला ठाऊक होतं." मग म्हणाली, "आईचा हात कोटात गेला, अस्तर दिसलं तिला. हिरवं. परतीच्या वाटेवर म्हणाली, लहानपणी त्याला हिरवाच रंग लागायचा, माझा हिरवा परकर घालून डाळिंबाच्या झाडाखाली नाचायचा, आणि मी झोडपायची. शिंपिणीला हे कुणी सांगितलं? तेव्हापासून तेवढंच विचारतेय. जेवत नाही."

मी हातातल्या कापडाला टाचण्या लावत राहिले. नव्हत्या लावायच्या तिथेही लावल्या.

"पार्लरच्या मुली माझ्याशी बोलत नाहीत. बरोबरच आहे त्यांचं. काकांना मी अडवायला हवं होतं, नाही अडवलं. पण मला कुणीतरी सांगा हो — ती कशी होती? बाकी काही नको. हसायची का?"

दुकानात तिसरं कुणी नव्हतं. क्लेओतिल्देही नव्हती. कुणाचीही भीती नव्हती त्या क्षणी! आणि तरी माझ्या तोंडून आलं, "मी नव्हते हो ओळखत त्यांना. चुकीच्या दारी आलात तुम्ही."

नाकारायची एवढी सवय झालीय जिभेला की आता तिला कारणही लागत नाही.

हर्मिनिया उठली. "माफ करा हं," म्हणाली. तिनं माझी माफी मागितली!

३१ ऑक्टोबर

पोरं मुखवटे घालून गोळ्या मागायला आली. एक भूत, एक डाकू, एक फुलपाखरू. फुलपाखराची आई म्हणाली, "आमच्या मुलाला पंखच हवे होते, काय करणार!" आणि पंख नीट केले त्याचे. मी त्याला ओंजळभर गोळ्या दिल्या. आई चमकली.

१ नोव्हेंबर

चर्चला गेले. पाद्रीबाबांकडे पापांच्या कबुलीला रांग होती. उभी राहिले. माझा नंबर आला आणि मी दुसरंच काहीतरी कबूल केलं — शुक्रवारी मांस खाल्लं. खाल्लंही नव्हतं.

घरी येऊन झग्याला इस्त्री केली. कॉलर, बाह्या, घेर. मग पुन्हा केली.

२ नोव्हेंबर

सगळं लिहून काढते, नाहीतर उद्या माझ्याच मनाला पटणार नाही.

दुपारी बायका आल्या. क्लेओतिल्देनं पाव आणला, साखरेनं फिदेन्सिओ लिहिलेला. मक्याचं गरम अतोले प्यायलो, मेणबत्त्या लावल्या, धूप फिरवला. जपमाळ सुरू झाली. "फिदेन्सिओच्या आत्म्याला शांती मिळो." सगळ्या जणी फोटोकडे बघून म्हणत होत्या. मी त्या फोटोच्या मागे कोण आहे ते बघत होते.

मधेच माझा जप चुकला. त्यांना वाटलं गहिवरली. एकीनं पाठीवर हात फिरवला, "रड गं, रड. इतकी वर्षं झाली तरी किती जीव!"

मी उठले. आतून झगा आणला, पिशवी न घालता, तसाच हातावर आडवा.

क्लेओतिल्दे म्हणाली, "कुठं निघालीस?"

"येते," म्हणाले. "माझी मैत्रीण वारलीय."

एवढंच बोलता आलं. मागे वळून पाहिलं नाही. कोट घ्यायचाही राहिला.

अख्ख्या सव्विसाव्या रस्त्यावरून चालत गेले. तळ्याकडून वारा सुटलेला, झगा फडफडायला लागला. धरला तर घडी मोडते, सोडला तर उडतो. लोक बघत होते. फळवाला, फोनच्या दुकानातला पोरगा, माझ्याकडे लग्नाचा झगा टाकलेली नवरी आणि तिची सासू. "दोन्या ब्रिहिदा, कुणाचा हो एवढा सुंदर झगा?" सासूनं विचारलं. मी म्हटलं, "युरिदियाचा." भर रस्त्यात मोठ्यानं म्हटलं. आवाज चिरकला, पण म्हटलं.

पार्लरच्या दारात झेंडूचा डोंगर. वर तिचा फोटो, सोन्याचा दात दाखवत. मधोमध दोरीला एक रिकामा हँगर लटकत होता. बाकी सगळं मांडून झालेलं, फक्त तेवढी जागा सोडलेली.

इसेल स्टुलावर उभं होतं. मला बघून खाली उतरलं आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं.

मी चढले. पोरानं माझे पाय धरले. झगा टांगला, खांदे सारखे केले, घेर मोकळा सोडला. तेवढ्यात वाऱ्यानं तो भरला आणि क्षणभर असं वाटलं की ती आत उभी आहे. तेव्हा रडले. पहिल्यांदा. स्टुलावरच.

उतरले तर समोरच्या फुटपाथवर हर्मिनिया. चाकाच्या खुर्चीत आई. अलीकडे यायची हिंमत नव्हती त्यांची. मी रस्ता ओलांडला.

"हसायची," मी म्हणाले. "इतकी हसायची की शेजारी भिंत ठोकायचे. मी खोटं बोलले तुमच्याशी. तीस वर्षं ओळखत होते मी तिला. हिरव्यात पुर म्हणाली होती ती मला, वचन घेतलं होतं. तो झगा त्या दिवशी तुमच्या मागेच टांगलेला होता, हर्मिनिया. पडद्यामागे. आणि मी तुमच्या हातातला सूट घेतला."

हर्मिनियाच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं! मला वाटलं थोबाडीत मारेल. मारायला हवी होती. म्हातारी मात्र झग्याकडे बघत होती. "जवळ ने मला," म्हणाली. नेली. तिनं झग्याचा काठ हातात घेतला, उलटा करून टाके पाहिले, बोटांनी चाचपले. मग फोटोकडे मान वर करून म्हणाली, "किती उंच झाली ही!"

इसेलनं तिला झेंडूचं फूल दिलं. तिनं ते कुठे ठेवायचं ते विचारलं.

हर्मिनिया मला एवढंच म्हणाली, "तुम्ही बोलला असता तर मी आईशी भांडले असते. खरंच भांडले असते. मला फक्त कुणीतरी हवं होतं शेजारी."

परतले तेव्हा बायका गेल्या होत्या. मेणबत्त्या विझवलेल्या, कप धुऊन पालथे घातलेले. फिदेन्सिओ जागेवर. मी चौकट उघडली, युरिदियाला मागून काढलं आणि पुढे ठेवलं.

उद्या सगळ्या गल्लीला कळेल. कळू दे. दुकान गेलं तर जाईल. भीती वाटतेच आहे.

३ नोव्हेंबर

सकाळी क्लेओतिल्दे आली. ताटात पाव. वर साखरेनं नाव — युरिदिया.

"कालच करणार होते. तू सांगशील म्हणून थांबले."

ती बोलायला लागली, हातावरचं पीठ झटकत. "पहिल्या वर्षीच फोटो बघितला मी. तुझ्या हनुवटीवरचा व्रण काय पावडरीनं झाकतो गं? सगळ्या जणींना ठाऊक आहे. आम्ही म्हटलं, जो गेला त्याला शांती मिळो, जी आहे ती आपली. तू बोलत नाहीस तर आम्ही कशाला बोलायचं?"

ताट ठेवून निघाली. दारात थांबली.

"म्हणून तर तिच्या बहिणीला तुझ्याकडे धाडलं होतं. किती वेळा बघितलाय मी तो हिरवा झगा पडद्यामागे. म्हटलं, ब्रिहिदा काही तो सूट हातात घ्यायची नाही."